तालीम म्हणजे रोमा नव्हे हो ताई

या आठवड्यात कोल्हापूरहून एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, मी थोडक्यात देते, भाषा मात्र त्यांचीच ठेवलीय. पत्रातला तोत्ती म्हणजे इटलीतल्या रोमा क्लबकडून आयुष्यभर खेळलेला फुटबॉलपटू फ्रान्चेस्को तोत्ती.

"ताई, मुलगा सोळा पूर्ण, अकरावीला. सात वर्षांचा असल्यापासून आमच्या पेठेतल्या तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळतोय, त्याचे वडील पण तिथंच खेळले. आता बाहेरच्या राज्यातल्या एका अॅकॅडमीनं ट्रायलला बोलावलंय, सिलेक्ट झाला तर राहणं, जेवण, शाळा सगळं तिकडंच. पण पोरगं ऐकंना झालंय. म्हणतंय मी तोत्ती होणार, आयुष्यभर एकच जर्सी. खोलीत त्या तोत्तीचं पोस्टर आहे आणि त्याच्या खाली अंबाबाईचा फोटो, म्हणजे बघा. मी गेलो तर पेठेत गद्दार म्हणतील असं म्हणतोय. वडील काही बोलत नाहीत पण मनातून खूश आहेत. मी हट्टानं पाठवलं तर उद्या म्हणेल आईनंच माझी तालीम सोडायला लावली. काय करू?"

ताई, पहिलं सांगते, अंबाबाई खाली आणि तोत्ती वर हे वाचून मी एकटीच मोठ्यांदा हसले, ऑफिसातल्या पोरी बघायला लागल्या. आणि दुसरं म्हणजे तुम्ही चुकून बरोबर माणसाला पत्र लिहिलंय, कारण माझं माहेर कोल्हापूर आणि मी स्वतः तोत्तीची पंखी. २००६ च्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियाबरोबरची मॅच आपल्याकडे रात्री साडेआठला होती, इटलीचा एक माणूस रेड कार्ड घेऊन बाहेर, स्कोअर शून्य-शून्य, इंज्युरी टाइम संपत आलेला आणि पेनल्टी मिळाली. हा गडी बदली म्हणून आलेला. फेब्रुवारीत एम्पोलीविरुद्ध त्याचं पायाचं हाड मोडलं होतं, घोट्यात प्लेट आणि स्क्रू घालून चार महिन्यांत वर्ल्ड कपला उभा राहिलेला. सरळ गेला आणि वरच्या कोपऱ्यात हाणला. मी एवढी ओरडले की गॅसवरचं दूध उतू गेलं, सासूबाई आठ दिवस ऐकवत होत्या. तर सांगायचा मुद्दा, तोत्तीविरुद्ध बोलणारी मी नव्हे. पण तुमच्या चिरंजीवांना त्याच्या गोष्टीचा शेवट पाठ आहे आणि सुरुवात माहीतच नाही असं मला वाटतं, आणि तुमचं उत्तर त्या सुरुवातीतच आहे.

तोत्ती १९७६ चा, रोम शहरातल्या पोर्ता मेत्रोनिया भागातला. वडील बँकेत, आई घरी. अख्खं घर रोमाचं वेडं. पण पोरगा पहिल्यांदा खेळला कुठं? फोर्तितुदो नावाच्या गल्लीतल्या टीमकडून. मग स्मित त्रास्तेवेरे. मग लोदिजानी, ही रोममधलीच पण पोरं घडवण्यात नाव असलेली टीम. आणि तिथून १९८९ ला, तेरावं लागायच्या बेताला, रोमा. म्हणजे बघा ताई, ज्याला आपण एका क्लबचा माणूस म्हणतो त्यानं मिसरूड फुटायच्या आधी तीन टीम सोडल्या होत्या! फोर्तितुदोवाल्यांनी त्याला गद्दार म्हटलं असेल असं मला वाटत नाही, उलट आमच्याकडं खेळून गेला म्हणून आजही सांगत असतील.

तुमच्या मुलाला हे असंच्या असं वाचून दाखवा. बाळा, तुझी तालीम म्हणजे तुझी फोर्तितुदो. फार तर लोदिजानी. ती रोमा नाही. रोमा तुला अजून भेटायचीय.

आता तो म्हणेल (सोळा वर्षांची पोरं वकील असतात) की तोत्तीच्या आईनं त्याला मिलानला पाठवलं नव्हतंच की. खरं आहे. एसी मिलानची माणसं घरी आली होती, तेव्हाचा मिलान म्हणजे युरोपातला सगळ्यात भारी क्लब, आणि फियोरेल्ला बाईंनी पोराला एवढ्या लांब पाठवायचं नाही म्हणून साफ नाही सांगितलं. हा किस्सा नेहमी आईच्या मायेचा किंवा रोमावरच्या प्रेमाचा म्हणून सांगतात, आणि असेलही. पण मला त्यात एका हुशार बाईचा हिशोबही दिसतो. ती नाही म्हणू शकली कारण नाही म्हणून पोराचं काहीच जाणार नव्हतं. पहिल्या दर्जाची लीग खेळणारा क्लब त्याच शहरात होता, स्टेडियम त्याच शहरात, प्रॅक्टिसचं मैदान त्रिगोरियाला, शहराच्या दक्षिण टोकाला, आई स्वतः सोडायला जायची आणि प्रॅक्टिस संपेपर्यंत थांबून राहायची. रात्री पोरगा घरच्या ताटावर. ताई, तुमच्या घरापासून शाहू स्टेडियम जेवढं लांब तेवढ्यात इटलीची सेरी आ असती तर मीही तुम्हाला म्हटलं असतं, कशाला पाठवताय, राहू द्या. तसं नाहीये ना पण.

आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलला मी कमी लेखत नाहीये, तेवढी माझी छाती नाही, माहेरी पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, ही टीमची नुसती नावं घेतली तरी शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्या दुपारच्या उन्हात कशा तापतात ते आठवतं. महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं पेठेच्या मॅचला एवढं पब्लिक येतं सांगा. पण मैदान कितीही भरलं तरी लीग शेवटी शहराचीच. त्यातून पुढं जायचं तर शहराबाहेर पडावंच लागतं. अनिकेत जाधव आपल्याच कोल्हापूरचा, २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा भारताकडून खेळला, नंतर आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगमध्ये गेला. तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलेला पोरगा. घर सोडलं म्हणून कोल्हापूर त्याला विसरलं का? वर्ल्ड कपच्या वेळी त्याचे बॅनर लावायला चौक कमी पडले होते.

आणि ते गद्दार प्रकरण. ताई, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय की सीझनच्या आधी केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, आपली लीग भरवणारी संस्था) नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या टीमला गेला, किती घेतले, याशिवाय कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. आफ्रिकेतून आलेली पोरंसुद्धा पैसे देऊन खेळवलीत. ते चालतं आणि शिकायला जाणारं सोळा वर्षांचं पोर गद्दार? हां, उद्या तो समोरच्या पेठेची जर्सी घालून तुमच्याच तालमीविरुद्ध गोल मारायला उतरला तर मग मी मधे पडणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

आता दुसरा भाग, आणि हा जरा कडू आहे. पोस्टरवरच्या माणसाला एकनिष्ठ राहणं कसं जमलं हे पोराला कळलं पाहिजे, कारण त्याला वाटतंय की ही फक्त मनाची गोष्ट आहे. तसं नसतं. क्लबचीही मर्जी लागते. १९९३ च्या मार्चमध्ये, सोळा वर्षांचा असताना (तुमच्या मुलाएवढाच!) बॉस्कोव्ह नावाच्या कोचनं त्याला ब्रेशियाविरुद्ध शेवटची काही मिनिटं खेळवलं. मग मॅझोने आले, तेही पक्के रोमचे, त्यांनी पोराला मुलासारखं जपलं, पेपरवाल्यांपासून लांब ठेवलं. इथपर्यंत छान. पण १९९६ ला अर्जेंटिनाचे कार्लोस बियांकी कोच झाले आणि त्यांना हा पोरगा नकोच होता, सांपदोरियाला लोनवर पाठवायचं जवळजवळ पक्कं. तेवढ्यात रोममध्ये तीन टीमची एक छोटी मैत्रीपूर्ण स्पर्धा झाली, आयॅक्स आली, जर्मनीची म्योन्शनग्लाडबाख आली, आणि त्यात तोत्ती असा काही खेळला की प्रेसिडेंट सेन्सी म्हणाले हा जाणार नाही. काही आठवड्यांनी बियांकीच गेले. आता विचार करा, त्या दिवशी तोत्तीचं पोट बिघडलेलं असतं, पाऊस पडून मैदान खराब झालं असतं, तर आज तुमच्या भिंतीवर दुसऱ्याच कुणाचं पोस्टर असतं आणि तोत्तीच्या मनातलं रोमाप्रेम मात्र तेवढंच असतं.

नंतरचं सगळं सोनेरी, ते त्याला पाठ असणार. बाविसाव्या वर्षी कॅप्टन. १७ जून २००१ ला पार्माला हरवून लीग जिंकली, पहिला गोल त्याचाच. २००६-०७ ला लीगमध्ये २६ गोल करून युरोपचा गोल्डन शू. रोमासाठी ७८६ मॅच, ३०७ गोल. पण पंचवीस सीझनमध्ये लीग किती वेळा जिंकली? तीच एकदा. दोन इटालियन कप, दोन सुपर कप, बास, पाच ट्रॉफ्या. दुसरा नंबर मात्र इतक्या वेळा की मोजायचा कंटाळा येईल. रेआल माद्रिद मागे लागलं होतं, गेला असता तर कपाट भरलं असतं. नाही गेला. ही त्यानं मोजलेली किंमत, आणि ती त्यानं डोळे उघडे ठेवून मोजली, खिशात चांगला पगार, दंडावर कॅप्टनचा पट्टा आणि जगातल्या मोठ्या लीगमध्ये दर आठवड्याला खेळायची सोय असताना. माद्रिदचा कागद समोर आल्यावर नाही म्हणणं वेगळं आणि कागद यायच्या आधीच मला नकोच म्हणणं वेगळं. दुसऱ्याला कधी कधी निष्ठा नाही, भीती म्हणतात. ओरडू नका त्याच्यावर, पण विचारा एकदा शांतपणे. बाळा, तालीम सुटेल याची भीती वाटतीय की ट्रायलमध्ये नापास होण्याची? माझ्या अंदाजानं दुसरी. पेठेत तो हिरो आहे, तिथं तो साठ पोरांतला एक असणार, नंबर लावलेलं बिब घालून. सोळाव्या वर्षी ते फार भयंकर वाटतं. मलाही नाटकाच्या ऑडिशनला जाताना ताप यायचा, खरा ताप, थर्मामीटरवर दिसायचा.

आणि शेवट? यूट्यूबवर शेवटच्या मॅचचा व्हिडिओ असतो, २८ मे २०१७, जेनोआविरुद्ध, सगळं स्टेडियम रडतंय, हा पत्र वाचतोय. बघून मीही रडले. पण त्याच्या आधीचं दीड वर्ष कोणी बघत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यानं टीव्हीवर बोलून दाखवलं की मला नीट वागवत नाहीत, तर कोच स्पालेत्तींनी पालेर्मोच्या मॅचच्या आधी त्याला त्रिगोरियातून सरळ घरी पाठवलं. कॅप्टनला! एप्रिलमध्ये तोरिनोविरुद्ध रोमा १-२ मागे, चार-पाच मिनिटं राहिलेली असताना त्याला उतरवलं, वय ३९, आणि मैदानावर आल्या आल्या एक आणि मग पेनल्टीवर दुसरा, ३-२. अशा माणसाला बेंचवर बसवत होते. रिटायर झाल्यावर क्लबनं डायरेक्टर केलं, पण निर्णयात कुणी विचारत नाही म्हणून २०१९ च्या जूनमध्ये त्यानं ते पण सोडलं. त्याच वर्षी दे रोस्सी, म्हणजे त्याच्यानंतरचा कॅप्टन, तोही रोमाच्याच गावचा, सहाशेवर मॅच खेळलेला, त्याला अजून एक वर्ष खेळायचं होतं, क्लबनं खेळाडू म्हणून करार वाढवला नाही. तो गेला अर्जेंटिनाला, बोकाकडून खेळायला. लोक प्रेम करतात ताई, अगदी जीव टाकतात. क्लब ही वेगळी गोष्ट आहे, तिथं खुर्चीवरची माणसं बदलतात.

हे इटलीतच असतं असं नाही. माझा धाकटा भाऊ एका तालमीकडून अकरा सीझन खेळला. कुठल्या ते सांगत नाही, आता कुणाला दुखवायचं नाही. सत्ताविसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं. पहिल्या आठवड्यात घरात पाय ठेवायला जागा नव्हती, नारळपाणी, सफरचंदं, आईनं चहा करून करून दूध संपवलं. दुसऱ्या महिन्यात दोघं यायचे. ऑपरेशनच्या पैशाचं बघू बघू म्हणत राहिले आणि शेवटी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं. त्याच्याकडं डिग्री नव्हती, कारण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आणि फायनल एकाच दिवशी आली होती आणि त्यानं काय निवडलं ते तुम्ही ओळखलंच असेल. आज त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, बरं चाललंय. आणि गंमत म्हणजे अजूनही त्या टीमची मॅच असली की शटर ओढून स्टेडियमवर जातो, लंगडत पायऱ्या चढतो आणि घसा बसेपर्यंत ओरडतो. मी एकदा चिडून म्हटलं त्यांनी तुझ्यासाठी काय केलं, तर माझ्याकडं असं बघितलं की जसं मी देवळात चप्पल घालून आलेय. म्हणून मी म्हणते, प्रेम कुठं जात नाही. ते गोव्यात राहून, पुण्यात राहून, कुठंही राहून करता येतं, त्यासाठी दर रविवारी तीच जर्सी घालावी लागत नाही.

आता कामाचं. ट्रायलला पाठवा. फक्त ट्रायल. अजून सिलेक्शन झालेलं नाही आणि तुम्ही दोघं घर सोडायचं की नाही यावर भांडताय, म्हणजे बाजारात तुरी झालं. जाऊन येऊ दे, सिलेक्ट झाला नाही तर विषयच संपला आणि तालीम आहेच, झाला तर मग बसून ठरवा. त्याला सांगा की हो म्हणायचं का नाही हे तूच ठरवणार, पण आधी कागद हातात येऊ दे, तोत्तीनंही कागद आल्यावरच नाही म्हटलं होतं. हे वाक्य चालेल बघा त्याच्यावर.

अॅकॅडमीबद्दल मात्र तुम्ही स्वतः चौकशी करा, वडिलांना घेऊन जाऊन या. एआयएफएफची, म्हणजे भारताच्या फुटबॉल फेडरेशनची, मान्यता आहे का, कोचकडं लायसन्स कुठलं, फेडरेशनच्या सीआरएसवर (खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीवर) पोराचं रजिस्ट्रेशन कोण करणार आणि उद्या परत यायचं म्हटलं तर एनओसी सुखानं देणार का, बारावी कुठल्या बोर्डातून, दुखापत झाली तर खर्च कुणाचा. हे शेवटचं तोंडी नको, लेखी घ्या. आणि सही करायला सांगताना लाजू नका, माझ्या आईवडिलांनी लाजेखातर विचारलं नाही. पैसे भरून घेणारी अॅकॅडमी असेल तर जरा जास्तच खोदून विचारा. तिथं राहणाऱ्या दोन-तीन पोरांच्या आयांचे नंबर मागा आणि फोन करा, जेवण कसं असतं ते कोच सांगणार नाही, आया सांगतील.

राहिले त्याचे वडील. ते गप्प आहेत आणि मनातून खूश आहेत असं तुम्ही लिहिलंय, मला वाटतं सगळी गाठ तिथंच आहे. पोरगा तोत्तीसाठी थांबत नाहीये, बाबांसाठी थांबतोय. बाबांनी जी जर्सी घातली ती आपण सोडली तर बाबांना काय वाटेल, एवढंच आहे ते. तुम्ही शंभर वेळा सांगून उपयोग नाही, त्यांनी एकदा सांगितलं पाहिजे. आणि त्यांना बोलायचं जड जात असेल तर बोलायची पण गरज नाही, ट्रायलला त्यांनाच सोबत पाठवा, तुम्ही जाऊ नका. रात्रीच्या गाडीत शेजारी बसले की बापलेक काय बोलायचं ते बोलतील नाहीतर झोपतील, दोन्ही चालेल. तालमीतल्या वस्तादांना किंवा कोचना जायच्या आधी भेटून नारळ ठेवायला सांगा, चोरून गेल्यासारखं नको. बहुतेक तेच पाठीवर थाप मारून पाठवतील, आणि नाही मारली तर ते पण पोराला कळू दे.

आणि हो, ट्रायलसाठी हौसेनं नवे बूट घेऊन द्याल, सगळ्या आया घेतात. घ्या, पण पंधरा दिवस आधी घ्या आणि गांधी मैदानावर चांगले मळवून घेऊ दे. नाहीतर पहिल्या वीस मिनिटांत टाचेला फोड येतो आणि पोरगं घरी येऊन म्हणतं, बघ, मी म्हटलं नव्हतं?